कोंबडीला लिम्फ नोड नाहीत, मग डेन्ड्रिटिक सेल अँटिजेन घेऊन जातात कुठे?

प्रश्न एका व्हेटरनरीच्या विद्यार्थ्याचा आहे आणि चांगला आहे. पुस्तकात लिहिलंय की डेन्ड्रिटिक सेल (जंतूची खबर देणाऱ्या प्रतिकारपेशी) शरीरात कुठेतरी अँटिजेन (प्रतिकारपेशींना ओळखता येणारा जंतूचा तुकडा) पकडतात, मग लिम्फ नोडमध्ये (लिम्फच्या वाटेवरच्या प्रतिकारपेशींच्या गाठींमध्ये) जातात आणि तिथे टी सेलला (प्रतिसाद चालवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) दाखवतात. पण कोंबडीला लिम्फ नोडच नसतात, मग त्या जातात कुठे? आणि कोंबडीत खरंच डेन्ड्रिटिक सेल आहेत की मॅक्रोफेजलाच (जंतू गिळणाऱ्या पेशींनाच) आपण ते नाव देऊन मोकळे झालोय? शिवाय पिल्लाचं काय, आणि थिसिससाठी या पेशी ओळखायच्या कुठल्या खुणा घ्यायच्या, हेही त्याने विचारलंय.

आधी दुसऱ्याचं उत्तर देते. आहेत, खऱ्याखुऱ्या आहेत. पण त्या शोधायला इतकी वर्षं का गेली हे समजलं की अर्धा विषय समजतो, म्हणून थोडं मागे जाऊ.

डेन्ड्रिटिक सेल म्हणजे फांद्या फुटल्यासारखी दिसणारी पेशी, १९७३ मध्ये राल्फ स्टाइनमन आणि झॅनव्हिल कोन यांनी उंदराच्या स्प्लीनमध्ये (प्लीहेत) ती ओळखली, आणि पुढे २०११ मध्ये स्टाइनमनना नोबेल मिळालं. तिचं काम बघायला गेलं तर तीन टप्प्यांचं. अपक्व असताना ती आजूबाजूचं सतत चाखत असते, जंतूचे तुकडे, मेलेल्या पेशी, जे मिळेल ते आत ओढते. मग तिच्या रिसेप्टरला (खूण ओळखणाऱ्या प्रोटीनला) धोक्याची खूण लागली की ती बदलते, खाणं कमी करते, पृष्ठभागावर एमएचसी (तुकडा धरून दाखवणारी प्रोटीन) आणि सीडी८०, सीडी८६, सीडी४० (टी सेलशी बोलायला लागणारी जोडीची प्रोटीन) वाढवते आणि जागा सोडून निघते. आणि शेवटी टी सेल जिथे असतात तिथे जाऊन त्यांना तो तुकडा दाखवते. नुसता तुकडा दाखवून भागत नाही हे लक्षात घ्या, सोबत सीडी८०-८६ चा दुसरा सिग्नल लागतो आणि तिसरा सायटोकाइनचा (पेशी सोडतात त्या निरोपी प्रोटीनचा), म्हणजे आयएल-१२ जास्त असेल तर प्रतिसाद एका दिशेला आणि आयएल-४, आयएल-१३ चं वातावरण असेल तर दुसऱ्या दिशेला. दुसरा सिग्नल नसेल तर टी सेल जागी होण्याऐवजी गप्प बसायला शिकते. मॅक्रोफेजही अँटिजेन दाखवते, बी सेलही (अँटिबॉडी बनवणारी पेशी) दाखवते, पण ज्या टी सेलने तो अँटिजेन आधी कधीच बघितलेला नाही तिला पहिल्यांदा उठवायचं काम प्रामुख्याने डेन्ड्रिटिक सेलचं. लशीचा पहिला डोस म्हणजे नेमकं हेच काम.

आता कोंबडीत घोळ कुठे झाला, तर ओळखण्यात. उंदरात आणि माणसात सीडी११सी, एमएचसी क्लास टू असल्या खुणांवरून पेशी वेगळ्या काढायची सवय होती, आणि या खुणा मॅक्रोफेजवरही असतात. कोंबडीच्या पेशींवरच्या खुणा ओळखायला लागणाऱ्या अँटिबॉडी आधीच मोजक्या. सगळ्यांच्या फ्रीजमध्ये असणारी केयूएल-०१, ती मोनोसाइट-मॅक्रोफेज गटाला लागते (मोनोसाइट म्हणजे रक्तातली, पुढे मॅक्रोफेज होऊ शकणारी पेशी), तिच्या भरवशावर डेन्ड्रिटिक सेल सांगता येत नाही.

मग २०१० मध्ये एक मोठी सोय झाली. वू, कायझर आणि सहकाऱ्यांनी कोंबडीच्या बोनमॅरोच्या पेशी जीएम-सीएसएफ (पेशी वाढवणारं प्रोटीन) आणि आयएल-४ टाकून आठवडाभर वाढवल्या आणि फांद्या असलेल्या, एमएचसी क्लास टू भरपूर असलेल्या पेशी मिळवल्या, एलपीएस (जिवाणूच्या भिंतीतला घटक) किंवा सीडी४० लिगँड (सीडी४० ला लागणारं प्रोटीन) दिलं की त्या पक्व होतात आणि टी सेलना उठवतात. तेव्हापासून कोंबडीच्या डेन्ड्रिटिक सेलवरचं बरंचसं काम या डिशमधल्या पेशींवर झालंय. (नवीन येणाऱ्या मुलांना एक गोष्ट आधी सांगावी लागते, कोंबडीच्या शरीराचं तापमान ४१ अंशांच्या आसपास असतं, तर कल्चरही तेवढ्यावरच ठेवा, सवयीने ३७ वर लावलेला इनक्युबेटर वापरू नका.)

पण डिशमधली ही पेशी म्हणजे स्प्लीनमधली डेन्ड्रिटिक सेल का? इथे जरा थांबते कारण माझ्या मते हाच या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे आणि पेपर वाचताना तोच सुटतो. २०१५ मध्ये उंदरांतच दाखवलं गेलं की जीएम-सीएसएफवर वाढवलेलं कल्चर एकजिनसी नसतं, त्यात मॅक्रोफेजसारख्या आणि डेन्ड्रिटिकसारख्या दोन्ही पेशी मिसळलेल्या असतात. कोंबडीत त्याआधीच, २०१४ मध्ये, स्प्लीनमधल्या पेशींचं जीन एक्स्प्रेशन सस्तन प्राण्यांशी ताडून बघितलं होतं आणि त्यात कन्व्हेन्शनल डेन्ड्रिटिक सेलच्या जोडीची पेशी कोंबडीत आहे हे दिसलं. नंतर २०२२ मध्ये फ्लट-३ या रिसेप्टरला लागणारी अँटिबॉडी आली, आणि सोबत एक्ससीआर-१ हा दुसरा रिसेप्टर ओळखायला त्याला चिकटणारा, रंग लावलेला एक्ससीएल-१ पेप्टाइड (प्रोटीनचा तुकडा). त्यातून चित्र खूप साफ झालं. स्प्लीनमध्ये फ्लट-३ भरपूर असलेला एक वेगळाच गट, बी सेलची खूण नाही, टी सेलची नाही, मॅक्रोफेजची नाही, आणि त्या सगळ्यांवर एक्ससीआर-१. म्हणजे सस्तन प्राण्यांत ज्याला सीडीसी-१ (कन्व्हेन्शनल डेन्ड्रिटिक सेलचा एक प्रकार) म्हणतात त्याच्या बऱ्यापैकी जवळचा गट. आणि गंमत पुढे आहे, या पेशींवर सीएसएफ१आर आहे, जो सस्तन प्राण्यांत मॅक्रोफेजची खूण म्हणून वापरला जातो, आणि सीएसएफ२आर, म्हणजे जीएम-सीएसएफचा रिसेप्टर, तो नाही.

याचा अर्थ नीट बघा. ज्या जीएम-सीएसएफवर आपण डिशमध्ये पेशी वाढवतो त्याचा रिसेप्टरच स्प्लीनमधल्या खऱ्या कन्व्हेन्शनल डेन्ड्रिटिक सेलवर नाही. तर डिशमधल्या पेशी बहुतेक मोनोसाइटच्या वाटेने आलेल्या असणार, सूज आल्यावर शरीरात ज्या तयार होतात तशा. त्यांच्यावरचं काम फुकट गेलं असं मुळीच नाही, अँटिजेन कसा आत घेतला जातो, कुठला व्हायरस पेशीला मारतो, कुठलं सायटोकाइन निघतं हे सगळं त्यांच्याकडूनच कळलंय. पण "कोंबडीच्या डेन्ड्रिटिक सेलने असं केलं" असं वाक्य दिसलं की आधी पद्धतीच्या भागात जाऊन बघायचं की पेशी आल्या कुठून.

नावाचा घोळ अजून एक आहे तोही इथेच संपवते. बर्सामध्ये (पक्ष्यांत बी सेल तयार होतात त्या अवयवात) "बर्सल सिक्रीटरी डेन्ड्रिटिक सेल" नावाची पेशी आहे, फॉलिकलच्या (बर्सातल्या बारीक गाठीच्या) मधल्या भागात असते, आत दाट कण असतात, हंगेरीचे इम्रे ओलाह यांनी तिच्यावर खूप काम केलंय. आणि जर्मिनल सेंटरमध्ये (प्रतिसादात बी सेल वाढतात त्या जागी) फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक सेल असते, ती अँटिजेन-अँटिबॉडीची जोडी आपल्या अंगावर धरून ठेवते आणि बी सेलला दाखवते, तोडून-शिजवून टी सेलला दाखवत नाही. दिसायला फांद्या आहेत म्हणून नाव सारखं, काम निराळं. त्वचेत मात्र लँगरहान्स सेलसारख्या पेशी कोंबडीत आहेत, एमएचसी क्लास टू असलेल्या, फांद्यांच्या, पण माणसाच्या लँगरहान्स सेलमध्ये दिसणारे बिर्बेक कण त्यांत सापडत नाहीत.

आता पहिला प्रश्न, जातात कुठे.

कोंबडीला सस्तन प्राण्यांसारखे कॅप्सूलवाले लिम्फ नोड नाहीत हे बरोबर. (बदकांसारख्या पाणपक्ष्यांत लिम्फ नोडसारख्या काही जोड्या असतात, कोंबडीत त्याही नाहीत, लिम्फच्या नळ्यांच्या कडेने छोट्या गाठी असतात तेवढ्याच.) त्याऐवजी तिच्या शरीरात जागोजागी लिम्फॉइड टिश्यू (प्रतिकारपेशींचे पुंजके) पसरलेला आहे. डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी, पापणीच्या आतल्या बाजूला कंजंक्टायव्हाचा टिश्यू, नाकाच्या आजूबाजूला, फुप्फुसात ब्रॉन्कसच्या फाट्यांपाशी, आतड्यात पायर्स पॅच आणि मेकेल्स डायव्हर्टिक्युलम, सीकम (आंधळी आतडी) जिथे सुरू होतात तिथे सीकल टॉन्सिल. आणि सगळ्यांच्या वर स्प्लीन. म्हणजे पेशी फार लांब जातच नाही बऱ्याचदा, जिथे पकडलं तिथल्या जवळच्या गाठीत दाखवते, आणि जे रक्तात उतरतं ते स्प्लीनमध्ये पोचतं. निघायची यंत्रणा मात्र ओळखीचीच, पक्व होताना सीसीआर-७ हा रिसेप्टर वाढतो आणि टी सेलच्या जागेतून येणाऱ्या सीसीएल-१९ या रासायनिक संकेताच्या दिशेने पेशी सरकते.

स्प्लीनबद्दल जास्त सांगायला हवं कारण लिम्फ नोड नसलेल्या प्राण्यात तिच्यावर खूप भार आहे, आणि कोंबडीच्या स्प्लीनची रचना उंदराच्या स्प्लीनपेक्षा वेगळी आहे, मार्जिनल झोन (पांढऱ्या पल्पच्या, म्हणजे प्रतिकारपेशींच्या भागाच्या, कडेचा पट्टा) शोधत बसाल तर उंदरासारखा सापडणार नाही. इथे धमनीच्या शेवटच्या बारीक केशिकांभोवती एक म्यान असतं, त्याला एलिप्सॉइड म्हणतात. केशिकेच्या भिंतीत फटी असतात, रक्तातला अँटिजेन त्या फटींतून म्यानात झिरपतो, आणि म्यानाच्या बाहेरच्या कडेला एलिप्सॉइड-असोसिएटेड सेल बसलेल्या असतात त्या तो पकडतात. त्यांच्या भोवती बी सेलचं कडं. अँटिजेन पकडल्यावर या पेशी म्यानापासून सुटतात आणि पांढऱ्या पल्पच्या दिशेने निघतात, जर्मिनल सेंटर बनण्याशी त्यांचा संबंध आहे. आणि धमनीभोवतीचं जे टी सेलचं आवरण आहे तिथे इंटरडिजिटेटिंग डेन्ड्रिटिक सेल असतात, टी सेलच्या मध्ये बोटं घातल्यासारख्या. नवख्या टी सेलची पहिली भेट होते ती इथे. एकाच अवयवात दोन वाटा, एक बी सेलकडे आणि एक टी सेलकडे, आणि स्लाइडवर त्या शेजारी शेजारी बघायला मिळतात. मला अजूनही हे बघायला आवडतं.

फुप्फुसाचं पण वेगळं आहे. कोंबडीत अल्व्हिओलाय (टोकाला बंद बारीक फुगे) नाहीत, पॅराब्रॉन्काय (आरपार बारीक नळ्या) आहेत, हवा एका दिशेने वाहते, आणि सस्तन प्राण्यांत जशा श्वसनमार्गात मोकळ्या मॅक्रोफेज भरपूर मिळतात तशा इथे फार कमी. मग पकडणाऱ्या पेशी असतात कुठे, तर भिंतीच्या आत, एट्रियाच्या (त्या नळ्यांच्या भिंतीतल्या खोलगट कप्प्यांच्या) खाली. त्यामुळे फुप्फुस धुवून आलेल्या पाण्यात पेशी कमी मिळाल्या म्हणून "इथे संरक्षण नाही" असा निष्कर्ष काढू नका.

आता हे सगळं लशीला जोडून बघा म्हणजे फार्मवरच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात. मानमोडीची म्हणजे राणीखेतची लासोटा ही जिवंत व्हायरसची लस डोळ्यात थेंब टाकून का देतात? कारण थेंब कंजंक्टायव्हा आणि हार्डेरियन ग्रंथीच्या भागात जातो, तिथून अश्रूनलिकेने नाकात उतरतो, आणि जिथे व्हायरस पुढे खरोखर येणार आहे तिथल्याच पेशींना तो आधी भेटतो. स्थानिक आयजीए (अस्तराचं रक्षण करणारी अँटिबॉडी) तिथेच तयार होतं. हीच लस पाण्यातून दिली तर बराच हिशेब घसा आणि आतड्याकडे जातो, पाण्यात क्लोरीन असेल तर व्हायरस पेशीपर्यंत पोचायच्या आधीच मरतो, म्हणून स्किम मिल्क पावडर टाकायची. किल्ड लस तेलात घोटून मानेखाली किंवा छातीत देतात तेव्हा गोष्ट तिसरीच, तेलाचा साठा तिथेच राहतो, सूज येते, मोनोसाइट तिथे येऊन डेन्ड्रिटिकसारखे होतात, आठवडेच्या आठवडे थोडा थोडा अँटिजेन पुढे जात राहतो, रक्तातला टायटर (अँटिबॉडीचं प्रमाण) छान चढतो पण नाका-डोळ्याच्या अस्तरावर तेवढं संरक्षण मिळत नाही. म्हणून आधी लाइव्ह, मग किल्ड. लिम्फ नोड नसलेल्या प्राण्यात लस कुठून दिली यावर ती कुठल्या पेशीला आणि कुठल्या गाठीत भेटणार हे ठरतं, म्हणून "कुठली लस" इतकंच "कुठून दिली" हे विचारायला हवं, आणि ते विचारलं जात नाही याचं मला वाईट वाटतं.

मेलेल्या लशीत तेल किंवा प्रतिसाद वाढवणारं दुसरं काही अ‍ॅडजुव्हंट का लागतं तेही इथूनच कळतं. नुसता शुद्ध प्रोटीन टाकला तर डेन्ड्रिटिक सेल तो खाते पण धोक्याची खूण नसल्याने पक्व होत नाही, दुसरा सिग्नल देत नाही. आणि ही खूण ओळखणारे रिसेप्टर कोंबडीत सस्तन प्राण्यांसारखे तंतोतंत नाहीत. अशा रिसेप्टरच्या टीएलआर (टोल-लाइक रिसेप्टर) कुटुंबातला टीएलआर-९ कोंबडीत नाही, पण जंतूच्या सीपीजी डीएनएला ओळखायचं तेच काम टीएलआर-२१ करतो. टीएलआर-१५ आहे, जो माणसात नाही. टीएलआर-८ बिघडलेला आहे, टीएलआर-३ आणि ७ आहेत. टीएलआर-४ आहे पण एलपीएस दिल्यावर सस्तन प्राण्यांत जो ट्रिफचा (पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या एका प्रोटीनचा) मार्ग सुरू होतो तो कोंबडीत होत नाही, म्हणून कोंबडी एलपीएस बऱ्यापैकी सहन करते. तेव्हा उंदरात भारी चाललेलं अ‍ॅडजुव्हंट कोंबडीत चालेलच असं गृहीत धरू नका.

यातली सगळ्यात मोठी उणीव रिग-आयची. पेशीच्या आत शिरलेला इन्फ्लुएन्झाचा आरएनए ओळखणारा हा सेन्सर बदकात आहे आणि कोंबडीत नाही, २०१० मध्ये हे दाखवलं गेलं. कोंबडी एमडीए-५ (तशाच दुसऱ्या सेन्सर) आणि टीएलआरवर भागवते. ज्या एच५एन१ मध्ये काही बदकं धडधाकट फिरतात त्यात कोंबड्यांचे कळपच्या कळप मरतात त्यामागचं हे एक कारण मानलं जातं, एकमेव नाही. आणि डिशमधल्या कोंबडीच्या डेन्ड्रिटिक सेलवर अतिघातक बर्ड फ्लूचे व्हायरस टाकले तर पेशींना लागण होते आणि सायटोकाइन खूप जोरात निघतात असं दिसलंय. ज्या पेशीने बातमी द्यायची तीच आजारी आणि वर आरडाओरडा, असा दुहेरी त्रास.

एमएचसीबद्दल थोडक्यात सांगते, विषय मोठा आहे. कोंबडीची एमएचसी म्हणजे बी लोकस अगदी आटोपशीर आहे, १९९९ मध्ये तिचा पूर्ण सिक्वेन्स आला तेव्हा मधला भाग साधारण ९२ हजार बेसचा आणि त्यात १९ जीन निघाले. माणसात क्लास वनचे तीन मुख्य जीन काम करतात, कोंबडीत बीएफ-२ हा एकच जोरात चालतो. म्हणजे डेन्ड्रिटिक सेल क्लास वनवर काय दाखवू शकणार हे बरंचसं एका जीनवर अवलंबून. बी लोकसचा बी-२१ हा प्रकार असलेल्या कोंबड्या मॅरेक्स रोगाला (हर्पिस व्हायरसमुळे गाठी येणाऱ्या आजाराला) चांगल्या टिकतात आणि बी-१९ वाल्या पडतात हे फार जुनं निरीक्षण आहे, आणि बी-२१ चा खाचा बरेच निरनिराळे पेप्टाइड धरू शकतो हे नंतर कळलं. एकच दुकान उघडं असेल तर त्यात माल किती प्रकारचा आहे यालाच महत्त्व येणार.

पिल्लाचं काय, असं पण विचारलं होतं. मॅरेक्सची लस हॅचरीत १८ व्या दिवशी अंड्यातच देता येते, तेव्हा गर्भात अँटिजेन पकडणाऱ्या पेशी असतात पण टी आणि बी सेलची फौज अजून कच्ची असते, आणि एचव्हीटीसारखी (टर्कीच्या हर्पिस व्हायरसची) लस पेशींत टिकून राहते म्हणून पुढे फौज तयार झाल्यावर दाखवायला अँटिजेन शिल्लक असतो. याउलट गंबोरोच्या (बर्सा बिघडवणाऱ्या व्हायरसच्या आजाराच्या) लाइव्ह लशीला आईकडून आलेली आयजीवाय (पक्ष्यांची अँटिबॉडी) आडवी येते, व्हायरस वाढायच्या आतच झाकला जातो आणि पेशींना पुरेसा माल मिळत नाही, म्हणून तारीख टायटर बघून ठरवायची. इम्यून कॉम्प्लेक्स लशीत हीच अडचण उलटी वापरलीय, व्हायरसला मोजून अँटिबॉडी आधीच चिकटवून देतात, आणि १९९८ च्या कामात असं दिसलं की तो स्प्लीन आणि बर्सातल्या फॉलिक्युलर डेन्ड्रिटिक सेलवर जाऊन बसतो, आणि जर्मिनल सेंटरही जास्त बनतात.

आणि हो, डेन्ड्रिटिक सेलने सगळं बरोबर केलं तरी समोर ऐकणारं कोणी हवं. गंबोरोने बी सेल मारल्या असतील किंवा चिकन अ‍ॅनिमिया व्हायरसने थायमसमध्ये (टी सेल तयार होतात त्या अवयवात) टी सेलची पिढीच कापली असेल तर उत्तम लस उत्तम जागी देऊनही टायटर येत नाही आणि दोष लशीला जातो. अशा वेळी "इम्युनिटी वाढवणारं" टॉनिक पाजण्यात मला अर्थ दिसत नाही, डिशमध्ये एखाद्या अर्काने सीडी८० वाढलं एवढ्यावर कळपाचं संरक्षण वाढलं असं म्हणता येत नाही. बर्सा आणि थायमस उघडून बघा, आकार बघा, स्लाइड करून घ्या, उत्तर तिथे मिळण्याची शक्यता जास्त.

थिसिससाठी कुठल्या खुणा घ्याव्यात हा शेवटचा प्रश्न. एका खुणेवर जाऊ नका. फ्लो सायटोमेट्री (खुणांवरून पेशी मोजायची पद्धत) करत असाल तर फ्लट-३ आणि एक्ससीएल-१ मिळतंय का आधी बघा, ते मिळालं तर एमएचसी क्लास टू सोबत लावा, आणि केयूएल-०१, बीयू-१, सीडी३ लावून मॅक्रोफेज, बी आणि टी बाजूला काढा. फ्लट-३ मिळालं नाही तर गटाला सरळ "मोनोन्यूक्लिअर फॅगोसाइट" म्हणा, परीक्षकाला ते जास्त पटेल. डिशमधल्या पेशी वापरल्या तर बोनमॅरोच्या, जीएम-सीएसएफवर वाढवलेल्या, असं शीर्षकाखालीच लिहा. आणि स्प्लीन गोळा करताना अर्धा तुकडा फॉर्मलिनमध्ये आणि अर्धा लगेच गोठवून ठेवा, कारण कोंबडीच्या बऱ्याच अँटिबॉडी फॉर्मलिन-पॅराफिनच्या सेक्शनवर लागत नाहीत आणि हे कळतं तेव्हा पक्षी संपलेले असतात.